भाकरीच्या पिठात बोट

३ डिसेंबर १९९१, बेला

पुन्हा हललं! अख्खा रोल वाया. स्टुडिओवाले उत्तमराव फोटो हातात देत म्हणाले, "बाई, धुक्याचे फोटो काढले काय तुमी?" रागच आला. पण खोटं तरी काय बोलले? शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवलाय, पण त्याखाली आईचं बोट क्षणभर स्थिर राहत नाही. इतकं मोठं करून बघायचं तर नाडीचा ठोकाही धक्का देतो.

थंड पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरी पडतात, मग निळी. आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले, "नखाच्या मुळाशी केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसतात. सारख्या, ओळीत असल्या तर भिऊ नका. फुगलेल्या, मधेमधे गायब असल्या तर थांबू नका, हैदराबाद गाठा. उशीर झाला तर रोग आत शिरतो." आणि एका धडधाकट माणसाचाही फोटो काढा म्हणाले, ताडून बघायला.

आईचं एकच पालुपद, "थंडीनं होते वं. दुसरं काई नाई." फोटो काढल्याशिवाय मी तिला सोडणार नाही.

८ डिसेंबर

बोट फळीला सुतळीनं बांधलं. फोटो एकदम स्वच्छ आला — आणि रिकामा! आवळल्यावर रक्त येणार कुठून? आणि मी सातवीला रक्ताभिसरण शिकवते.

११ डिसेंबर

कातडीतून आरपार दिसावं म्हणून नखाच्या मुळाशी खोबरेल लावत होते. आज बाटलीतच गोठलं. आता जवसाचं.

१५ डिसेंबर

पोळ्याचे बैल करतो तशी काळी माती मळून तिच्यात बोट बसवलं. माती गार. बोट पांढरंफटक. "मले मारतं काय?" म्हणून आईनं हात ओढून घेतला. चूक माझीच होती, तरी तिच्यावरच ओरडले. वाईट वाटलं.

१६ डिसेंबर

सकाळी आई ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळत होती. तिची बोटं गुलाबी! पीठ ऊबदार, मऊ, आवळतही नाही. आणि मी बसले माती मळत!

"भाकरीच्या पिठात बोट रोवू? अन्न हाये ते," आई म्हणाली. गाईला घालू म्हटलं, तेव्हा कुठे तयार झाली.

१७ डिसेंबर

हात आणि सूक्ष्मदर्शक एकाच फळीवर ठेवले, म्हणजे हलले तर दोन्ही मिळून हलतील. माझा डावा हात तिच्या मनगटावर, उजव्यात कॅमेऱ्याचा खटका दाबणारी दोरी. ठोका गेला की लगेच दाबायची, पुढचा यायच्या आत. आई जीव मुठीत धरून बसली होती. "झालं काय वं?" झालं, आई.

उरलेल्या फिल्मवर धडधाकट माणूस म्हणून माझंच बोट. तेलासाठी अंगठी काढायला गेले तर निघेना, साबण लावावा लागला. हिवाळ्यात सुजतातच बोटं. पण माझं जरासुद्धा हललं नाही, काठीसारखं ताठ! आईला चिडवलंसुद्धा, बघ, असं बसायचं असतं.

२२ डिसेंबर

फोटो आले. एका बोटाच्या रक्तवाहिन्या सारख्या, ओळीत. दुसऱ्याच्या फुगलेल्या, मधेच गायब. उत्तमरावांनी अदलाबदल केली असेल म्हणून रिळावरच्या क्रमाशी ताडून पाहिलं. नाही केली.

आईचं बोट ठणठणीत आहे.

उद्याची हैदराबादची दोन तिकिटं काढली. आई कुरकुरत बोचकं बांधतेय. तिला वाटतंय, तिच्यासाठीच चाललोय. आदिलाबाद सुटेपर्यंत वाटू दे.