दहा एमएमची गाडी

बाबा, दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी मी तुमच्या गाडीचं छत कापलं, आणि तिथून सगळं बदललं. ग्राइंडरची चकती पत्र्याला टेकली, ठिणग्या माझ्या छातीवर उडाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून दहा वर्षं ताडपत्रीखाली मुकी बसलेली गाडी एवढी किंचाळली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आई हातात झारा घेऊनच धावत आली. "मेल्या, तुह्या बाबानं पुसून पुसून ठेवली होती थे गाडी, अन् तू तिचं मुंडकंच उडवलं?" चारही खांब कापून झाले होते. छत दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला टेकवलं. गाडीत वरून थेट ऊन पडलं. तुमच्या सीटवर, स्टीअरिंगवर, जिथं कधीच ऊन पडलं नव्हतं तिथं. इतकं भारी वाटलं मला, बाबा! खोटं नाही सांगत.

तुम्ही म्हणाल, कावून? तर ऐका. जुन्या गाडीचं छत, मडगार्ड, बोनेट, जे जे नको ते सगळं काढून टाकायचं, तिला हलकी करायची आणि आत तिच्या ऐपतीपेक्षा मोठं इंजिन बसवायचं. इंजिन उघडं, चाकं उघडी. हिला हॉट रॉड म्हणतात. मी मोबाईलवर बघून बघून वेडा झालो. भंगारातल्या एका जीपचं इंजिन माझी मोटारसायकल देऊन आणलं. उतईच्या मामानं ते ट्रॅक्टरवर घालून दिलं आणि वर बोलला, "भाचा, कॉलेजात हेच शिकवत होते काय?" कॉलेज मी दुसऱ्या वर्षातच सोडलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. लॅबमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हारे बस का नहीं है." मी हातातला लोखंडाचा जॉब टेबलावर आपटला आणि निघालो, तो परत गेलोच नाही. नंतर कुरिअरचं काम धरलं, सोडलं. मोबाईलच्या दुकानात बसलो, मालकाशी भांडलो, सोडलं. डोकं तापलं की पाय आपोआप दाराकडे जातात.

आणि एक मुलगी आहे. पद्मनाभपूरची. आपल्यातलीच, तिचे पप्पा रेल्वेत आहेत. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर वही संपेल, म्हणून एवढंच लिहितो की ती हसली की मला भूक लागत नाही. छत कापलं त्या दिवशी ती स्कूटी गेटशी लावून बघत होती. आई आत गेल्यावर म्हणाली, "तू ना, सब कुछ आधा छोड़ता है. एक चीज पुरी करून दाखव मला. फक्त एक. ही गाडी मागच्या मैदानाला तीन चकरा मारेल, स्वतःच्या इंजिनावर, मी आत बसलेली असेन, त्याच संध्याकाळी मी पप्पांना तुझं नाव सांगते." मी म्हटलं, आणि नाही झाली तर? "तो फिर मेरा पीछा छोड़." हसत नव्हती बाबा, त्या वेळी.

छत काढलं तशी गाडी मधून खचायला लागली. दारं लागेनात. मग कळलं, या गाडीला छतच धरून ठेवत होतं. आता खालून आधार द्यायला हवा. आणि खाली वाकून बघितलं तर ड्रायव्हरच्या सीटखाली तुम्ही होता. तळ सडला तेव्हा तुम्ही लावलेली प्लेट. तुमची वेल्डिंग मी आंधळा झालो तरी बोटानं ओळखीन, एकसारखी, जवळ जवळ, धानाच्या लोंबीसारखी. मला आपलं गेट आठवलं.

मी नऊ वर्षांचा आहे. कोहक्यातल्या या प्लॉटवर अजून घर नाही, नुसतं गेट उभं राहतंय, कारण स्टील प्लांटातला माणूस आधी गेट करतो आणि मग घर. तुम्ही मला काळी काच दिली आहे. मी काचेतून हिरवा उजेड बघतोय, तुम्ही चारच टाके मारायला मला रॉड देता. मी दोन मारतो, हाताला चटका बसतो, रॉड फेकतो. तुम्ही ओरडत नाही. रॉड उचलून पुन्हा माझ्या हातात देता. "धरलं न? आता चार होईपर्यंत सोडाचं नाही." आई डबा घेऊन आलेली, गेट ढकलून बघते, हलत नाही. "अवं, आपल्या घरी हत्ती येनार हाये काय?" आणि तुम्ही एवढे खूश, जणू तिनं शाबासकी दिली. आपल्याकडं सगळं तसंच होतं. कूलरचं स्टँड, देवघराचा पाट, माझ्या अभ्यासाचं टेबल, सगळं दहा एमएम जाड लोखंडाचं. हलवायला दोन माणसं लागायची.

तर मीही तेच केलं. तुमच्या प्लेटला जोडून दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी चॅनेल, मधे आडवे पट्टे, सगळं दहा एमएम. चार महिने. रोज हात भाजले. जीपचं इंजिन चढवलं आणि तुमच्या शिफ्टच्या जोडीदाराला, काकांना, मुद्दाम बोलावलं. गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी धापा टाकत दोन हात पुढं गेली आणि बंद पडली. मागची चाकं मातीत रुतली होती, नुसत्या वजनानं. काकांनी खाली वाकून बघितलं आणि पोट धरून हसले. "अरे बेटा, कार बना रहा है कि पुलिया? इसके ऊपर से तो मालगाड़ी निकल जाएगी!" माझं डोकं फिरलं. हातोडी फेकली, भिंतीचं प्लास्टर उडालं. काका हसायचे थांबले. शांतपणे म्हणाले, "हम सब प्लांट वालों की यही बीमारी है. पतला लोहा देखते हैं तो डर लगता है. काट दे. सब काट दे, पाइप लगा."

त्या दिवशी मी गेटबाहेर निघालो होतो, बाबा. पुन्हा एकदा. चौकापर्यंत गेलो, चहा घेतला, परत आलो. पहिल्यांदाच परत आलो.

माझं चॅनेल मी दोन दिवसांत कापून काढलं. तुमच्या प्लेटशी येऊन हात थांबला. चकती लावायचो, काढायचो. तिसऱ्या दिवशी आई कपडे वाळत घालायला आली आणि मला तसं बसलेलं पाहून गाडीजवळ उकिडवी बसली. प्लेटवरून हात फिरवला. "काप," म्हणाली. मी म्हटलं, आई, ही बाबांची आहे. "माहीत हाये मले. तुह्या बाबानं गेट किती खेपा कापलं माहीत हाये तुले? तीन खेपा. पहिलं लावलं त कब्जेच तुटले. दुसरं लावलं त भिंत वाकली. तू शाळेत राहे, तुले कोन सांगन? कापाचे, शिव्या देयचे, अन् पुन्हा करायचे. आता बसून नको राहू, काप." मला वाटायचं तुमच्या हातून सगळं पहिल्या झटक्यात होतं. मला वाटायचं, तुम्ही असता तर माझ्याकडं बघून नाराजीनं मान हलवली असती. बाबा, तुम्हीही चुकत होता! हे दहा वर्षं कोणी सांगितलं नाही मला. मी मोठ्यानं हसलो आणि चकती लावली.

मग पाइप. गोल, पातळ, काकांनी दाखवला तसा तिरका आधार देत. गाडी एका माणसाला ढकलता येईल इतकी हलकी झाली. परवा सकाळी इंजिन सुरू केलं तेव्हा आवाजानं गल्लीतली कुत्री पळाली आणि उघड्या सायलेन्सरमधली काजळी थेट आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. "मुडद्या! आता ह्या तुह्या सासूले खाऊ घाल!" ओरडता ओरडता तिनं तोंडावर पदर धरला होता, पण डोळे दिसत होते मला. काल मी एकटा मैदानात तीन चकरा मारून आलो. वारा तोंडावर, समोर उघडं इंजिन थरथरतंय, मागं धुळीचा पट्टा. मी एकटाच ओरडत होतो वेड्यासारखा. रस्त्यावर काढायला कागद लागतील, ते पुढं बघू. मैदान आपलं आहे.

आज ती येणार आहे. नऊला म्हणाली होती. आता नऊ वाजून गेले. मघाशी मैदानाच्या बाजूनं स्कूटीचा हॉर्न वाजला, दोनदा. तिचाच.

हे पत्र पाठवायचं कुठं, हे मला लिहायला बसलो तेव्हाही माहीत होतं. वही कपाटात राहील. खरं एवढंच की गाडी सात वाजल्यापासून तयार आहे. पेट्रोल आहे, पाणी आहे, सीट पुसली आहे. मी इथं बसून तुम्हाला लिहितोय, कारण मला भीती वाटतेय. गाडी बंद पडेल याची नाही. तीन चकरा पूर्ण होतील, ती खरंच घरी सांगेल, आणि मग मला पळून जायला कुठलंच कारण उरणार नाही, याची. असं काही मी आजवर पुरं केलेलं नाही, पुढं काय करतात ते मला येत नाही.

पुन्हा हॉर्न. गाडीची चावी घेतली. निघतो, बाबा. दार ओढून घेतो.