पोहण्याच्या वर्गातले बटाटे

दि. ३ मे

ती. आईस शि. सा. न.

मी मजेत आहे. पोहणं छान चाललंय. काल मी आणि अजून चौघींनी मिळून दोन बादल्या बटाटे सोलले. बटाटे आधी धुवायचे की सोलल्यावर, यावरून आमचं जोरदार भांडण झालं. आपल्याकडे काय करतात ते मला सांगता आलं नाही, कारण तू दार लावून स्वयंपाक करतेस. तरी लवकर कळव. इथे शिबिरात फोन देत नाहीत. मामा सगळ्यांना ओरडतो, मला जरा कमी. पोहायचा पोशाख मुळीच खराब झालेला नाही, अगदी कोरा आहे.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
टिल्ली

दि. ६ मे

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

टिल्लीचं पत्र चारदा वाचलं, पण डोक्यात काही प्रकाश पडेना. मी तिचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं होतं. मग त्यात बटाटे कुठून आले? आणि रोज पाण्यात उतरणाऱ्या पोरीचा पोशाख कोरा कसा? तू शिबिराचा मुख्य आचारी, तुला ठाऊक असणारच.

दोन वर्षांपूर्वी ती धावत येऊन मला धडकली आणि उकळतं पातेलं माझ्या हातावर आलं, ते तू विसरला नसशील. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. शिलाई मशीन चालवते कशीबशी. पण त्या दिवसापासून पोर शेगडीच्या वाऱ्याला उभी राहत नाही. तिला भीती वाटू नये म्हणून मीही दार लावून घेते. आणि तिकडे ती आपणहून तुझ्या आगीपाशी? तिला आधी बाहेर काढ, मग पत्र लिही.

काळजीत असलेली,
ताई

दि. ९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडतोय, कान नंतर पिळ. इथे चित्रकला, नाटक, पोहणं सगळं आहे, पण मुलांची झुंबड माझ्याच दारात. टिल्ली पहिल्याच दिवशी पोहण्याच्या रांगेतून निघाली ती सरळ माझ्याकडे. म्हणाली, आईनेच पाठवलंय. मी भोळा सांब, विश्वास ठेवला.

दोन दिवस शेगडीपासून चार हात लांब उभी होती. आता ढवळते, मी शेजारीच असतो. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. काम सुरू करण्याआधी ती उजव्या हाताच्या दोन बोटांना आइस्क्रीमची काडी लावून वर चिंधी गुंडाळते. मला वाटलं लचकली असतील. नर्सबाईंना दाखवलं, तर बोटं ठणठणीत. विचारलं की म्हणते, बघतेय. काय बघतेय, कोण जाणे! तुला काही कळतंय का?

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा भाऊ

दि. १२ मे

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र आलं. काडीचं वाचलं आणि मशीन थांबवून लगेच हे लिहायला बसले. मी रागावलेली नाही. खोटं बोललीस ते आवडलं नाही, त्याचं आपण घरी आल्यावर बघू. कोणती दोन बोटं बांधतेस ते मला विचारायला नको. का बांधतेस, तेवढं सांग. मी दार लावते ते तुला आगीची भीती वाटते म्हणून. माझं काही चुकतंय का?

बटाटे आधी धुवायचे. सोलल्यावर पुन्हा.

तुझी आई

दि. १५ मे

ती. आईस शि. सा. न.

मी आगीला घाबरायचे, पण थोडेच दिवस, आणि इथे आल्यावर पुन्हा दोन दिवस. पण घरी दार बंदच असायचं. मला वाटलं, माझ्यामुळे तुझा हात भाजला म्हणून तू मला आत घेत नाहीस. विचारायचा धीर झाला नाही. एकदा फटीतून बघितलं, तर कांदा तुझ्या हातातून सारखा निसटत होता आणि तू त्याला शिव्या देत होतीस.

म्हणून मी ठरवलं की तुझ्यासारख्या हाताने काय जमतं आणि काय नाही ते शोधायचं, आणि जे जमत नाही ते मी शिकायचं. ढवळणं जमतं. अंडं फुटतं, पण टरफल आत पडतं. कांदा चिरणं, बरणीचं झाकण आणि रिकामं पातेलं उतरवणं जमत नाही. गरम पातेल्याला मामा मला अजून हात लावू देत नाही.

हे सगळं तुझा राग जावा म्हणून. पण तू तर रागावलीच नव्हतीस. मग मी दोन वर्षं तुझ्या रागाला कशाला घाबरत होते? मला आता काहीच कळत नाहीये. रविवारी पालकांना येऊ देतात. येशील का?

तुझी टिल्ली

दि. २० मे

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारच्या सूपबद्दल तुझी आणि त्या साठ मुलांची माफी मागते. बिचारी घोटाघोटाला पाणी पीत होती. कांदा टिल्लीने चिरला, मी ढवळलं, पातेलं तू उतरवलंस. तरी खारट कसं झालं म्हणून तू आमच्या तोंडाकडे बघत राहिलास, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. आम्ही तुझी खोडी काढली असं तुला वाटलं. तसं नाही रे. तिने मीठ घातलं नसेल असं समजून मी घातलं. मी विसरले असेन असं समजून तिनेही घातलं. विचारलं दोघींपैकी कुणीच नाही.

आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं होतं.

लोभ मात्र हात न आखडता वाढव. तो जास्त झालेला चालतो.

तुझी ताई