पिल्लू ऐकत का नाही

दादा,

काल पिल्लू चावलं म्हणून तू त्याला चपलेने मारलंस. आज मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ते माजलेलं नाही, जन्मापासून ठार बहिरं आहे. म्हणून तर कुकरच्या शिट्टीनेही त्याची झोप मोडत नाही, आणि मी शिवायला बसले की ते मशीनच्या पायाला पाठ लावून झोपतं. ती थरथर त्याला कळते. झोपेत मागून उचललंस तर दचकून चावणारच. यापुढे बोलवायचं असेल तेव्हा फरशीवर पाय आपट आणि समोरून जा. घसा फोडून काही उपयोग नाही.

मी वहिनीला तिच्या माहेरी सोडायला जातेय. परत कधी येणार ते तिलाच विचार, पण हळू आवाजात. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. पिल्लाला दूध देशील तेव्हा वाटी आपटू नकोस, नाहीतर लवंडेल.

आणि आठवडाभर तू सगळ्यांना सांगत होतास ना, की एवढा ओरडतो तरी हे शेपूट हलवत माझ्याच मागे येतं. या घरात तुझा आवाज ऐकू न येणारं ते एकटंच आहे.