एका घरी एक बैल

बाबा, यंदाच्या पोळ्याला आम्ही नवा भाग काढणार नाही. भाग म्हणजे काय, हे आधी सांगावे लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात बटणांचा एकच मोबाइल होता आणि त्यातले तुम्ही फक्त हिरवे बटण ओळखत होता. मी आणि मावसभाऊ मिळून मोबाइलवरचा एक खेळ तयार करतो. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. बोटाने बैलजोडी हाकायची, छकड्यावर उभ्या राहून बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याचा तोल सांभाळायचा, आणि जोडी शेवटच्या रेघेपर्यंत किती वेळात पोचली ते घड्याळ दाखवते. पहिला भाग सात वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी आला आणि त्यानंतर दर पोळ्याला एक. सात पोळे, सात भाग. चित्रे माझी, आतली यंत्रणा त्याची. तो पॉलिटेक्निक झालेला आहे. मी दहावी अर्धी सोडून बॅनर छापणाऱ्याकडे बसलो आणि तिथल्या संगणकावर चित्रे काढायला शिकलो. आपला मुलूख तेलंगणाच्या सीमेवरचा, म्हणून खेळ दोन भाषांत आहे; त्यातली प्रत्येक ओळ, मराठी आणि तेलुगू, मीच तपासतो. चूक सापडली की वहीत लिहितो, दुरुस्त झाली की तिच्यापुढे खूण करतो, आणि खूण केल्यावरही एकदा पाहून घेतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, पाहू पाहू चित्र झिजवशीन.

चार दिवसांपूर्वी मी इंटरनेटवरच्या आमच्या खेळाच्या पानावर लिहून टाकले: यंदा नवा भाग नाही. भावाला न विचारता लिहिले. तो आला तो चपला न काढताच आत.

"पोळा सोडला तं लोकं इसरून जाते ना बे!"

"इसरू दे."

"मोठमोठ्या कंपन्या पाय. दर साली काढते. तेच खेळाडू, तेच मैदान, फक्त कपडे नवे. घेतातच ना लोकं?"

"घेतात अन् शिव्या देतात."

"देऊ दे. घेतात तं!" मग तो खुर्चीवर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दुसरे आहेत, दहा-दहा साल वाट पाहायला लावते. वाट पाहू पाहू पोट्ट्यांचे बाप झाले, तरी खेळ नाही आला. तसं करतं का तू?"

मी म्हणालो, दहा नाही, दोन लागतील. कदाचित तीन. तो म्हणाला, तीन साल मी इथं बसून काय करू, हैदराबादेत नोकरी पाहतो. आणि गेला. त्याच्याशिवाय हा खेळ पुढे जात नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. मी चित्रातला बैल काढू शकतो, त्याला पळवू शकत नाही. तरी, बाबा, लिहिलेले मी पुसले नाही.

आता तुम्हाला वाटेल, पोरगा शेवटी आपल्याच वळणावर आला. म्हणून तर हे लिहायला बसलो. मी तुमच्या वळणावर आलेलो नाही.

मला आपला शेड आठवतो. श्रावण लागला की चौकटी आणि दारांची कामे तुम्ही भिंतीला टेकवून ठेवता आणि लाकूड कापायच्या आरामशिनीवरून आणलेले सागाचे तुकडे काढता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्या दिवशी लेकरे चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जातात. बेल्याकडच्या गावांतून माणसे मोटारसायकलवर येतात, पुढे टाकीवर लेकरू, लेकराच्या मांडीवर जुना बैल. कारण तुमचा नियम सगळ्या गावांना पाठ. एका घरी एक बैल. पहिल्यांदा आले तर नवा मिळणार. त्यानंतर कितीही पोळे येवोत, तुम्ही तोच बैल घासणार, रंगवणार, चाके बदलणार, पण त्या घराला दुसरा बैल देणार नाही. बाजारात रंगीत बैल यायला लागले, दर वर्षी नवी तऱ्हा, नवी झूल. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "बैल काय कपडा आहे का साली-साली बदलवाले?" हे तुमचे वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की आज लिहितानासुद्धा तुमच्या खोकल्यासकट ऐकू येते.

पण एक दिवस मला दुसराही आठवतो. एक बाई आली आहे, बरोबर तिची लहान मुलगी. घरी मोठ्या मुलासाठी तुमचा बैल आधीच आहे.

"भाऊ, लहानीसाठी एक द्या ना. मोठा हात नाही लावू देत."

"मंग मोठ्याले सांगा. चाकं नवी टाकून देतो, दोघं मिळून ओढा."

"दोन लेकरं अन् एक बैल, भांडते ना भाऊ."

"भांडू द्या. खऱ्या बैलावरूनही भाऊ-भाऊ भांडतेच."

बाई हसली. तुम्हीही हसलात. मुलगी हसली नाही. फळीवर ताजे रंगवलेले पाच बैल वाळत होते आणि ती एकेकाकडे बघत होती. ती रिकाम्या हाताने परत गेली, बाबा. तुम्ही त्याला नियम म्हणालात. मी आज त्याला हट्ट म्हणतो. तुम्ही जिवंत असतानाच म्हणायला हवे होते, पण तेव्हा माझी तेवढी छाती नव्हती.

माझ्याकडचा बैल तर तुमच्या हातचा सगळ्यात पहिला. तोही तुम्ही कधी बदलून दिला नाही. मी नऊ वर्षांचा असताना त्याचा डावा कान तुटला. मी दोन तुकडे तुमच्यापुढे धरले आणि रडलो. मला वाटले, आता तरी नवा मिळेल. सुताराच्या पोराचा बैल एका कानाचा कसा फिरेल? तुम्ही कान हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग बारीक खुंटी मारली, फेव्हिकॉल लावला, आणि बैल परत माझ्या हातात दिला. कान थोडा तिरपा बसला होता, काहीतरी ऐकत असल्यासारखा. "कान तुटला म्हून बैल मेला का?" एवढेच बोललात. त्या तान्ह्या पोळ्याला सगळी पोरे मला तिरप्या म्हणत होती.

आमच्या खेळाच्या पहिल्या भागात डावीकडचा पांढरा बैल मी त्यालाच समोर ठेवून काढला. तिरपा कान जसाच्या तसा. तेव्हापासून दर भागाला कोणीतरी कळवते की पांढऱ्या बैलाचा एक कान नीट नाही. वहीत ती नोंद सात वेळा आहे. सातही वेळा मी पुढे खूण केलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी पोळा अकरा दिवसांवर आला आणि दाखवण्याजोगे नवे आमच्याकडे काही नव्हते. भाऊ म्हणाला, सगळे चित्र आरशासारखे उलटवू. झाडे या बाजूची त्या बाजूला, सूर्य तिकडून इकडे, मैदान एकदम वेगळे वाटेल. एका बटणाचे काम. मी हो म्हणालो. मग मी अकरा दिवस फक्त अक्षरे तपासली. सगळे काने, मात्रा, वेलांट्या. एकही चूक राहिली नाही याचा मला अभिमान होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बेल्याजवळच्या एका खेड्यातून फोन आला.

"ते पटाचा खेळ काढते, ते तुमीच का?"

"हो. बोला आजोबा."

"नातवाच्या मोबाइलात पायला. बैल उलटे जुंपले न बाप्पा."

"नाही आजोबा, तसं नाही होणार."

"काऊन नाही होणार? पांढरा सहा साल डावीकडं चालला. आता उजवीकडं आणला. त्याले इचारलं होतं का? असा जुंपला तं माह्या वावराच्या धुऱ्यापर्यंत नाही येत जोडी, पटात काय धावते!"

मागे त्यांचा नातू हसत होता. मी फोन ठेवून चित्र उघडले. खरेच होते. जो बैल ज्या बाजूला शिकला त्याच बाजूला चालतो, दुसऱ्या बाजूला जुंपला की अडतो, हे आपल्याकडे शेण उचलणाऱ्या पोरालाही कळते. आणि माझ्या बैलाचा तिरपा कान डावीकडचा उजवीकडे गेला होता. अकरा दिवस तो माझ्या डोळ्यांपुढे होता. ज्याच्यासाठी मी सहा वर्षे लोकांची तक्रार ऐकून घेतली, तो कान जागेवरून हलला आणि मला दिसला नाही, कारण मी तारखेकडे पाहत होतो.

त्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. चालू असलेल्या खेळाचा नवा भाग कधी यावा? भाऊ म्हणतो, पोळा आला की. तुम्ही म्हणाला असता, कधीच नाही, जुन्यालाच रंग द्या. दोघेही चुकता. पोळा काय, दर वर्षी येतोच. त्याच्याकडे पाहून काढलेला बैल म्हणजे मागचाच बैल, उलटा जुंपलेला. आणि रंग देऊन देऊन जुनाच फिरवला तर ती लहानी रिकाम्या हाताने परत जाते. नवा बैल तेव्हा हवा, जेव्हा घरात नवे लेकरू येते. दोन वर्षांनी आले तर दोन वर्षांनी, पाच वर्षांनी आले तर पाच. तारीख लेकरू ठरवते, पंचांग नाही. हे मला कोणत्याही शाळेने शिकवले नाही आणि तुम्हीही नाही. हे माझे आहे.

आमच्या आठव्या भागात ते लेकरू आहे. धुरकरी मुलगी. छकड्यावर ती पुरुषासारखी उभी राहत नाही, तिचा तोल वेगळा, कासरा धरायची पकड वेगळी. तिचे हात मी आतापर्यंत चौदा वेळा काढले आहेत आणि चौदाही वेळा ते मुलाच्या हातांना बांगड्या घातल्यासारखे दिसतात. पंधराव्यांदा काढीन. अकरा दिवसांत ते होत नाही, आणि जमेपर्यंत मी मागे हटणार नाही. लोक विसरले तर विसरू देत. पानावर खाली दोनशेवर शिव्या आल्या आहेत, त्यातल्या निम्म्यांचे शुद्धलेखनही धड नाही. वाचल्या सगळ्या.

आज पोळा. दुपारी पुरणपोळीचे ताट तसेच ठेवून मी कामावर बसलो होतो, तेव्हा भाऊ आला. चार दिवसांनी. या वेळी चपला काढल्या. सरळ आपल्या संगणकापुढे बसला आणि त्याने सातवा भाग उघडला. तासाभराने पाहिले तर पांढरा बैल डावीकडे आणला होता.

"नवा नाही तं नाही," तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "पण उलटा जुंपलेला बैल पोळ्याच्या दिवशी लोकांच्या घरात नको." मग थोड्या वेळाने, "ते पोट्टीचे हात दाखव. अन् दोन साल म्हणजे दोनच हां. तिसऱ्या साली मी खरंच जातो."

तेव्हा बाबा, आम्ही आज जुन्या बैलाची चाके बदलून तो लोकांना परत दिला. तुम्ही हसत असाल तर हसा. दोन वर्षांनी मी त्याच घरांना दुसरा बैल देणार आहे, तुमच्या नियमाविरुद्ध, तोंडावर सांगून.

हे चुकांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिले आहे आणि तिथेच राहील. भाऊ वही उघडतो ती पुढून. पण वही चुकांची आहे, म्हणून एक नोंद करतो, जी सतरा वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. बैलाचा कान पडून तुटला नव्हता. नवा मिळावा म्हणून मी तो शेडच्या उंबऱ्यावर आपटून तोडला होता, दोनदा, कारण पहिल्यांदा तुटला नाही. तुम्ही लाकूड ओळखणारा माणूस. पडून तुटलेला कान आणि तोडलेला कान यातला फरक तुम्हाला कळला नसेल, असे मला आता वाटत नाही.