शोकेसमधल्या पाली

अंबरनाथ, सप्टेंबर १९८९

प्रिय काशी,

त्या दिवशी तू तुझ्या बालवाडीतली जागा सांगायला खरवईहून आलीस आणि मी दार बोटभरच उघडलं. तुला वाटलं असेल, मीनल बदलली. तसं नाही. आमच्याकडे दार उघडं ठेवता येत नाही. पाली बाहेर पडतात.

ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं त्या वर्षी ह्यांनी पालींची पहिली जोडी आणली. बारवी धरणाजवळच्या रानातली, अंगभर ठिपके असलेली. शोकेसमधला लग्नातला टी-सेट निघाला, आत झाडाच्या साली आणि बल्ब आला. आता कपाटावरही काचेच्या पेट्या आहेत. डालड्याच्या डब्यांत पालींसाठी झुरळं वाढतात. एक पाल पंख्यात सापडली तेव्हापासून पंखा बंद, खिडक्यांना जाळी ठोकलेली. दाराखालच्या फटीत मी टॉवेल कोंबते. अंडी सालींना चिकटलेली असतात, ती हलायला नकोत, म्हणून घरात पाय दाबून चालायचं. पिल्लू निघालं की माझ्या सासूबाई, माई, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवतात. तेव्हा त्या माझ्याकडे बघत नाहीत.

उल्हासनगरचा एक फिशटँकवाला बघून गेला. ‘साब, मछली पालो. ये तो सबके घर में मुफ्त घूमती है,’ म्हणाला. मला हसू आलं. हे हसले नाहीत.

माईंची सवय तुला ठाऊक आहे. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की त्या जमिनीवर बोटं आपटतात, ‘कृष्ण कृष्ण, खरं आहे’ म्हणतात. एवढ्या पालींच्या घरात खोटं काय ठरणार? हे म्हणाले, दसऱ्याला कारखाना उघडेल. चुकचुक. माईंची टकटक. ह्यांनी दुसरीकडे अर्ज केला नाही. मग दिवाळी म्हणाले, मग पाडवा. मला एका शाळेत शिकवायला बोलावलं तेव्हा म्हणाले, कशाला, थोडेच दिवस राहिलेत. तेव्हाही चुकचुकली. मी गेले नाही.

ह्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. ‘पकडायची नाही गं, हातावर चढू द्यायची. पकडलीस तर शेपटी टाकून जाईल,’ असं मला अजून शिकवतात.

काल सकाळी चहाच्या वेळी मी बोलून टाकलं. ‘काशीच्या बालवाडीतली जागा मी घेतेय, सोमवारपासून तिच्याकडेच राहायला जातेय.’ शोकेसमधून आवाज नाही. हे काचेकडे बघत राहिले. मीही. मग माईंनी कप खाली ठेवला आणि फरशीवर बोटं आपटली. ‘कृष्ण कृष्ण. खरं आहे.’

पाल चुकचुकली नव्हती, काशी. ह्यांना तर कुठली पाल कधी बोलते ते पाठ आहे. पण ह्यांच्याने माईंना खोटं म्हणवेना. शेवटी म्हणाले, ‘जाताना दार पटकन ओढून घे.’

ती जागा अजून असेल आणि तुझा राग गेला असेल, तर एक अंथरूण काढून ठेव. सोमवारी येते.

विठ्ठलवाडीच्या शाळेत तुझ्या बाकावर बसणारी,
तुझीच,
मीनल