गुळवेलीचं नाव

बाबा, तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायलाही आता कागदच घ्यावा लागतोय. आईशी मी तोंडावर भांडले, तिनेही मला कधी सोडलं नाही, त्यामुळे आमच्यात मागे काही उरलं नाही. तुमच्यापुढे मात्र माझी जीभ उचलली गेली नाही. तुम्ही ओरडणारे असतात तर सोपं झालं असतं. तुम्ही नुसते माझ्याकडे बघायचात आणि विळा उचलून गोठ्यामागे निघून जायचात.

शेणवे गावातल्या आपल्या घराच्या त्या गोठ्यामागे कडुनिंब होता आणि त्याच्यावर गुळवेल चढली होती. विड्याच्या पानासारखं पान, वरून दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळं. आख्ख्या गावाला ठाऊक होतं की तापाला, काविळीला, बाळंतिणीच्या अशक्तपणाला तुम्ही तिचाच काढा देता. तरी नाव कुणी घ्यायचं नाही. आदल्या संध्याकाळी तुम्ही तिच्या बुडाशी तांदूळ आणि सुपारी ठेवून तिला आवतण द्यायचात, आणि सकाळी चूळसुद्धा न भरता, कुणाशी अक्षर न बोलता तोडायला जायचात. वाटेत कुणी हाक मारली की तसेच माघारी फिरायचात. त्या दिवशी औषध नाही. आम्ही पोरंही तिला नुसतं 'ती' म्हणायचो. 'ती उकळली का?' 'तिचं पाणी गाळलं का?' पार मुरबाडाकडून माणसं तापकरी घेऊन यायची आणि पुष्कळदा तो तापकरी पुढच्या खेपेला स्वतः चालत यायचा, परसातली काकडी नाहीतर पडवळ घेऊन. हे मी विसरलेले नाही. भांडणात सुद्धा विसरणार नाही.

एकदा मी विचारलं होतं, ही करते तरी काय? तुम्ही खुशीत होतात, भात पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. म्हणालात, "आपल्या अंगात राखणदार असतात गो, शेतावं असतात तसं. ते झोपलं का ताप घुसतो. ही त्यांना उठवते, बस." मला ते इतकं आवडलं की शाळेत आरोग्याच्या तासाला मी तेच उत्तर दिलं, आणि गुरुजी हसले.

मग ताईचं दुखणं आलं. लावणीचे दिवस, मधेच कडक ऊन पडलेलं, आणि ती शेतावरून आली तेव्हा दोन्ही गाल लालभडक, नाकावरूनही लाली गेलेली. आई म्हणाली, ऊन लागलं. पण लाली गेली नाही. ताप यायचा, जायचा. ती चुलीपुढे बसली आहे, भाकर थापते आहे, आणि मधेच हात परातीत तसाच ठेवून म्हणते, "आये, माजी बोटं मिटत नाय." मी हसते, मला वाटतं कामाचा कंटाळा आलाय. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्याच संध्याकाळी तुम्ही तांदूळ-सुपारी घेऊन कडुनिंबाकडे गेलात. ताई तो काढा एका दमात प्यायची आणि तोंड वाकडं करून मला म्हणायची, "कडू हाय, पन बाबांच्या हातचा हाय."

आईच्या हट्टाने तुम्ही तिला शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलंत. मीही बरोबर होते, ताईला धरून बसायला. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, गाल पाहिले, बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरी आणखी काही देता का हिला? पाला, मुळी, काढा?" तुम्ही म्हणालात, "नाय साहेब. कायच नाय." आईने तुमच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर एसटीची वाट बघताना ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सांगायचं होतं ना वो तुमी!" आणि तुम्ही म्हणालात, "नाव घेतलं का गुन गेला. पोरीचा गुन घालवू?"

गोळ्यांनी ताईला उतार पडला. सकाळी तिची बोटं मिटू लागली, तिने माझी वेणी घातली. आणि तुम्हाला वाटलं, हा आपल्या काढ्याचा गुण. का वाटू नये? तुम्ही आयुष्यभर तेच बघत आला होतात. तुम्ही काढा वाढवलात, सकाळचा होता तो सकाळ-संध्याकाळ केलात. गोळ्या चालूच होत्या. पुढे ताप पुन्हा चढला, पाय सुजले, लघवी कमी झाली. डॉक्टरांनी तिला ठाण्याला न्या म्हटलं. नेण्याआधीच, नवं भात घरात येण्याच्या सुमारास, ती गेली. कडुनिंबाशी तांदूळ-सुपारी त्या दिवशीही होती. ती कुणी उचलली नाही, तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले.

इतकी वर्षं मी याला नशीब म्हणत होते. आता नाही म्हणवत. माझ्या नातीला गेल्या पावसाळ्यापासून बारीक ताप येत होता. मी शहापुरात मुलाकडे असते. अंगणात कुंडीत गुळवेल आहे, तुमच्याच वेलीच्या कांडीची. पोर अशक्त झाली म्हणून मी तिला काढा देत होते, लाडाने, गूळ घालून. तिच्या गालांवर लाली आली तेव्हा मला ताईचे गाल आठवले. मुलाला म्हटलं, उद्याच्या उद्या ठाण्याला चल.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं ते मला तुमच्याच शब्दांत कळलं, बाबा. आपले राखणदार आपल्याच घरावर उठलेत. गोळी त्यांना खाली बसवते. आणि गुळवेलीसारखी औषधं त्यांना उठवतात. एरवी ठीक असेल, पण या दुखण्यात नको, थेंबसुद्धा नको. म्हणजे तुमचं चूक नव्हतं. ती राखणदारांना उठवते, हे खरंच होतं. तेच ताईच्या जिवावर बेतलं असेल.

मी त्यांना विचारलं, आमच्या काळी, पन्नास-साठ साली, एखाद्या मुलीला हेच झालं असतं आणि घरून काढा चालू असता तर? त्या म्हणाल्या, "आता कसं सांगणार आजी? तपासण्या नव्हत्या, औषधं थोडी. काढा नसता तरी दुखण्याने मूत्रपिंडं धरली असती तर वाचणं अवघडच." त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं. मला समाधान झालं नाही. कदाचित काढ्याने काही झालं नसेल. कदाचित झालं असेल. तो डॉक्टर विचारत होता, बाबा, आणि तुम्हाला एक शब्द बोलायचा होता. मला तुमचा राग येतो, आणि लगेच तुम्ही दिसता, पहाटे दवात, तोंड मिटून, पोरीचा गुण जाऊ नये म्हणून हाकेलाही ओ न देता चाललेले. मग रागाचं काय करायचं ते कळत नाही.

नात आता सुधारते आहे. कुंडी मुलाने उचलून अंगणाबाहेर नेली, मी अडवलं नाही.

मी डॉक्टरीणबाईंना नाव सांगितलं होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाई दर घटकेला घेते ते नाव, पण माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा आलं. "गुळवेल," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "हे द्यायला कुणी शिकवलं तुम्हाला?" मुलगा शेजारीच बसला होता, त्याच्या मांडीवर डोकं टेकून नात. तुमचं नाव ओठांवर आलं होतं.

मी म्हटलं, "टीव्हीवर बघितलं."