जावईबापूंच्या रॉ फाइली

४ मे, रविवार
मेव्हणी शीलाचं लग्न ढाणकीला थाटात पार पडलं. फोटोग्राफर अर्थातच मी. हा माझा आहेर, असं सासऱ्यांना, म्हणजे बाबारावांना, आधीच सांगून ठेवलं होतं. नवा कॅमेरा काढला तेव्हा मांडवात कुजबुज झाली. आमच्या महागावात काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात हे मॉडेल अजून कोणाकडे नाही. चौकशी केलेली नाही, पण नसणारच.
सगळं रॉमध्ये शूट केलं. आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्यात, नवरदेव पांढऱ्यात, निम्मे पाहुणे पांढऱ्यात, वरून मे महिन्याचं ऊन. साध्या जेपेगमध्ये पांढरं जळून जातं, साडीचे काठ दिसत नाहीत. रॉमध्ये कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं फाइलीत राहतं, मग कॉम्प्युटरवर हवं तसं काढून घ्यायचं. सोबत जेपेगही ठेवायची सोय होती. ती धीर नसलेल्या लोकांसाठी.
माइकवर जाहीर केलं की वंदनेपासून हार घालेपर्यंत कोणीही मोबाईल वर करायचा नाही, फ्रेम खराब होते. जावयाचा शब्द. सासरे स्वतः मांडवभर फिरले आणि सगळ्यांचे मोबाईल खिशात घालायला लावले. एकानेही चोरून काढला नाही. फार समाधान वाटलं.

५ मे
संकल्प: आठवड्याच्या आत अल्बम तयार.
दुपार: कॉम्प्युटर फाइली उघडत नाही. ‘फाइल सपोर्टेड नाही’ म्हणतो. कार्ड रीडर गेला असणार.
संध्याकाळ: नवा रीडर आणला. जुना चांगला होता.

७ मे
उलगडा झाला. माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर जुनं, कॅमेरा नवा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या साइटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी आहे. त्यात माझ्या कॅमेऱ्याचा थोरला भाऊ आहे, माझा नाही. ‘पुढच्या अपडेटमध्ये.’ थोडक्यात, मी कंपनीच्याही पुढे आहे. दुःख करावं असं यात काही नाही.
कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे फोटो दिसतात. कॉम्प्युटरवर एकही नाही.

९ मे
शीलाचा फोन. तिचा नवरा, सुमेधराव, रेल्वेत, भिलाईकडे. तिथे फॅमिली क्वार्टर मिळतंय, पण महिनाअखेरपर्यंत लग्न नोंदणीचं सर्टिफिकेट दिलं तरच. नाहीतर ते पुढच्या नंबराला जाणार आणि शीला वर्षभर माहेरीच राहणार. नोंदणीला लग्नातला फोटो लागतो, हार घालतानाचा. म्हणाली, भाऊजी, एकच फोटो द्या, अल्बमची घाई नाही.
तिला साइटची लिंक पाठवली, म्हणजे खात्री पटेल. हा प्रश्न महागावचा नाही, जागतिक आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सासरी खीर खायला गेलो. विषय एकच. शीला म्हणाली, मी रोज सकाळ-संध्याकाळ यादी पाह्यतो, तुमच्या कॅमेऱ्याचं नाव अजून नाही आलं. चिकाटीची मुलगी.
मग सासरे जरा अडखळत म्हणाले, उमरखेडचा घनश्याम स्टुडिओवाला भेटलता, तो म्हणत होता का कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच फोटो बनते, मेनूत पाहा म्हणा. मी मोठ्यांदा हसलो. मग सगळ्यांना समजावून सांगितलं की हे ऐकीव ज्ञान आहे, असं होत असतं तर जगातल्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर कायले काढलं असतं? सासरे म्हणाले, माफ करा जवाईबापू, तुमच्या कामात मी दुसऱ्याचं ऐकाले नव्हतं पाह्यजे.
मोठा माणूस. खीर दोनदा घेतली.

१४ मे
आज घनश्यामचं अज्ञान पुराव्यानिशी सिद्ध करायला मेनू उघडला. खाली खाली गेलो. ‘रॉ प्रोसेसिंग’ असं काहीतरी होतं. दाबलं.
फोटो झाला. कॉम्प्युटरवर उघडला. शीला, सुमेधराव, हार, साडीचे काठ, सगळं स्वच्छ. पांढरं कुठेही जळलेलं नाही. दोन मिनिटांचं काम.
पंख्याखाली बसूनही घाम आला.

१५ मे
शांतपणे विचार केला. परवाच सासऱ्यांनी माझी माफी मागितली. आता त्यांना काय सांगू, घनश्याम बरोबर होता? जावयाचं सोडा, त्यांना काय वाटेल? त्यापेक्षा एक-दोन दिवसांत अपडेट येईलच. आलं की लगेच फोटो द्यायचा. खोटं बोलायची गरजच नाही.
तोवर सगळे फोटो करून मोबाईलमध्ये ठेवले. तयारी पूर्ण.

१९ मे
अपडेट नाही. आलं म्हणून ठोकून द्यावं, तर शीला यादी पाहते. लिंक पाठवायला नको होती. एवढा पारदर्शकपणा आजच्या जगात चालत नाही.
माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवून बसतो. महागावात सासऱ्यांचे नातेवाईक इतके आहेत हे लग्नात कळलं नव्हतं. येतात, बसतात, पाणी पितात, विचारतात. बायको, मैत्रेयी, घरी विचारते. दुकानातून घरी पळायचं, घरून दुकानात.

२३ मे
ठरवलं. आज सांगूनच टाकायचं. गाडीला किक मारली, थेट ढाणकी. दारातच सासूबाई, कौसल्याबाई, म्हणाल्या, काय हो जवाईबापू, डोये कसे आत गेले तुमचे, या फोटोपायी जेवतही नाही म्हन्ते मैत्रेयी. ताक दिलं. सासरे म्हणाले, पोरीच्या नशिबात असंन तर क्वार्टर भेटंन, तुमी जिवाले लावून नका घेऊ.
ताक प्यायलो. परत आलो.

२७ मे
सासऱ्यांनी तोडगा काढला. लग्न पुन्हा उभं करायचं, फक्त फोटोपुरतं. सुमेधराव रजा घेऊन आले. नवे हार आणले. लग्न लावणारे बौद्धाचार्य म्हणाले, शपथ एकदाच होते, मी पुन्हा म्हणनार नाही, तुमी नुसते उभे राहा. मग नुसतेच उभे राहिले. अंगणात, भर दुपारी. शीलाने लग्नाची साडी पुन्हा नेसली होती. हार घालताना ती त्या दिवशी हसली होती तशी हसत नव्हती. सासरे म्हणत होते, हास ना बाई जराशी.
फोटो चुलतमेव्हण्याने मोबाईलवर काढला. मला पांढरं थर्मोकोल धरून उजेड पाडायला उभं केलं. खरे फोटो माझ्या खिशात, मांडीला लागत होते. तोंड उघडायचं म्हणून दोनदा घसा साफ केला. कौसल्याबाईंनी पाणी आणून दिलं.
मैत्रेयीने टाइम पाहायला माझा मोबाईल मागितला. दिला नाही. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मला फार वाईट वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

३१ मे
सर्टिफिकेट मिळालं. फोटोत साडी जळून नुसता पांढरा ठिपका झालाय, पण नोंदणीच्या साहेबांनी चालवून घेतला. क्वार्टर पक्कं. शीला गेली. निघताना म्हणाली, भाऊजी, माह्यापायी तुमाले लय तरास झाला.

४ जून
अपडेट आलं! यादीत माझा कॅमेरा! जिंकलो!
दुपार: नवं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चढत नाही. कॉम्प्युटर जुना आहे म्हणे.
संध्याकाळ: हरकत नाही. खिशातलेच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. ‘अखेर यश.’ एका फोटोत शीलाच्या मागे सासरे उपरण्याने डोळे पुसताहेत. शीलाने तो फोटो स्टेटसला ठेवला. सासऱ्यांनी फोन करून दोनदा आभार मानले. मैत्रेयीने अंगठासुद्धा दिला नाही.

८ जून, रविवार
सासरी जेवण. माझ्या कष्टांचं कौतुक चारचौघांत झालं. मान खाली घालून ऐकलं. विनय म्हणूनही ते शोभून दिसलं.
मग विषय निघाला. चुलतमेव्हण्याचं लग्न दिवाळीनंतर आहे. मी डायरी काढून तारीख विचारली. सासऱ्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नाही जवाईबापू, आता नाही. महिनाभर तुमी झोपले नाही, वाळून गेले, माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. एवढ्या अवघड कामात तुमाले पुन्हा घालून मी पाप करू का? घनश्यामले सांगून टाकलं. तुमी कॅमेरा घरीच ठेवा, पंक्तीत बसा, निवांत जेवा.
अवघड कसलं, दोन मिनिटांचं काम आहे, असं अगदी ओठांवर आलं. समोर मैत्रेयी वाढत होती. ती थांबली, मी काय बोलतो ते ऐकायला.
मी भात मागितला.